बाराच्या आतली पंगत

आम्ही कारखान्यातली माणसं. घरात कॅलेंडर असायचं, पण त्यातले लाल आकडे तेवढे आमच्या कामाचे. तिथी, नक्षत्र, चंद्रोदय हे सगळं छापणाऱ्याच्या हौसेखातर असतं, असं माझं प्रामाणिक मत होतं. त्यामुळे माझ्या डोहाळजेवणाचा दिवस ठरवायची वेळ आली, तेव्हा मी एवढंच पाहिलं की सगळ्यांना एकदम सुट्टी कधी आहे. सापडला एक रविवार. वर त्याच दिवशी कामगार दिन, म्हणजे ओव्हरटाइमला कुणाला बोलावतील ही भीतीही नाही. मी पेन्सिलनं त्या आकड्याभोवती गोल काढला आणि मोठ्या थाटात आमंत्रणं द्यायला निघाले.

निघाले म्हणजे फार लांब नाही, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बजाजनगरात आम्ही राहायचो ते घर म्हणजे एका प्लॉटवर ओळीनं काढलेल्या चार खोल्या, पुढं सिमेंटचं अंगण आणि अंगणात सगळ्यांत मिळून एक नळ. आम्ही लासूर स्टेशनच्या बाजूचे, मेंढरांमागं फिरणाऱ्यांच्या घरातले. सासरे गेल्यावर मेंढरं विकली, मालक, म्हणजे माझे यजमान, वाळूजच्या एका कारखान्यात लागले आणि त्यांच्यामागून मीही गोळ्या-औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. पुढच्या मोठ्या खोलीत घरमालकीणकाकू, जैन. कोपऱ्यात भाभी, मुसलमान, घरी बसून ब्लाऊज शिवायच्या. आणि माझ्या भिंतीला भिंत लावून ताई. ताई बौद्ध, माझ्याच टेबलावर पॅकिंगला होती आणि माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी. चार धर्म आणि एक नळ. भांडणं व्हायची ती फक्त नळावरून.

आधी गेले काकूंकडे. काकूंनी आनंदानं माझ्या गालांवरून हात फिरवला आणि सांगितलं, येईन, पण सूर्य मावळायच्या आत पान वाढ. अंधारात दिव्यावर झेपावणारे जीव अन्नात पडतात, ते पाप नको. शिवाय बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा, जे काही जमिनीखाली वाढतं ते नको. मी विचारलं, मग शेंगदाणा? तोही जमिनीखालीच येतो की. "तो चालतो," काकू म्हणाल्या, आणि विषय संपला.

मग भाभींकडे. भाभी मशीनवरून न उठता हसल्या. रमजान चालू होता, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. खरं तर जायला नको होतं, कारण रमजान लागल्यापासून आमचं अंगण सुनंसुनं झालं होतं. भाभी म्हणायच्या, रोजा पोटाचा कमी आणि जिभेचा जास्त. उपाशी राहून लोकांच्या चुगल्या केल्या तर नुसती भूकच पदरात पडते. भाभींची चुगली बंद म्हणजे आमचं वर्तमानपत्रच बंद. त्या म्हणाल्या, "आती ना मैं. लेकिन अजान के पहले पानी का घूंट बी नक्को. सूरज डूबा की बैठी मैं तेरे बाजू में."

म्हणजे काकूंचं पान सूर्य मावळला की बंद, आणि भाभींचं तिथून सुरू. मी जरा गडबडले, पण म्हटलं, दोन पंगती करू, त्यात काय एवढं. आणि ताईच्या दारात गेले.

ताईनं कॅलेंडर माझ्यापेक्षा नीट वाचलेलं होतं. ती म्हणाली, "येडे, त्या दिवशी बुद्धपौर्णिमा हाय. माजं अष्टशील असतंय. दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवसापस्तर तोंडात घास नाय." मी विचारलं, बारानंतर जेवलं तर काय होतं? ती म्हणाली, होत काही नाही, पण खाण्याच्या मागं किती वेळ आणि किती मन जातं ते त्या दिवशी कळतं. पोट हलकं राहिलं की डोकं शांत राहतं. माझं डोकं रिकाम्या पोटी भट्टीसारखं तापतं, त्यामुळे हा धर्म आपल्याला झेपणारा नाही एवढं मी तिथल्या तिथं ओळखलं.

राहिल्या आत्याबाई, माझ्या सासूबाई. त्यांचा खंडोबाचा रविवार. दिवेलागणीला तळी उचलायची, देवाला नैवेद्य दाखवायचा, मगच उपास सोडायचा.

मी खोलीत येऊन त्या पेन्सिलच्या गोलाकडे बघत बसले आणि मला हसू आवरेना. सगळ्या वर्षात असा एक दिवस मी शोधून काढला होता, की ज्या दिवशी माझ्या चार माणसांना एका वेळी जेवताच येणार नाही. गोळ्यांच्या पाकिटांवर आम्ही जेवणाआधी, जेवणानंतर अशा चिठ्ठ्या चिकटवायचो, तशा माणसांनाच चिकटवायची वेळ आली होती. मालक म्हणाले, दिवस बदल. मी म्हटलं, बदलायचा नाही. जिचं डोहाळजेवण तिनं प्रत्येकीबरोबर बसायचं, बस्स. चार तर चार पंगती, मी चारही वेळा जेवेन. पोटात दोन जीव आहेत, प्रत्येकाला दोन-दोन. मालकांनी कपाळावर हात मारला.

शनिवारी संध्याकाळी आत्याबाई आल्या. गावाकडच्या बायका, माझी चुलतसासू आणि आणखी दोघी, रविवारी सकाळच्या गाडीनं येणार होत्या. मी आत्याबाईंना हौसेनं सगळा बेत सांगितला. काकूंचं ऐकून त्या हसल्या, भाभींचं ऐकून म्हणाल्या, एवढ्या उन्हाचं बिनपाण्याचं राहते, लई धीराची बाई. ताईचं नाव निघालं तशी त्यांनी पिशवी आवरायला घेतली.

इथं थोडं सांगायला हवं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. पण त्या वर्षांतलं भांडण शहराच्या नावाचं नव्हतं, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, याचं होतं. नामांतर हा शब्द काढायचा तर माणूस आधी आजूबाजूला बघायचा. ताईच्या माहेरचं घर नामांतराच्या दंगलीत जळालं होतं. तिनं ते मला एकदाच, पाकिटं मोजता मोजता, दोन वाक्यांत सांगितलं होतं. आमच्या गावात कुणाचं घर जळालं नव्हतं, पण दोन वस्त्यांमधली ये-जा तुटली होती, आणि मुळातच ती फार होती असं नाही. आत्याबाईंनी उभ्या आयुष्यात त्या वस्तीतल्या माणसाबरोबर बसून घास खाल्लेला नव्हता.

आत्याबाई म्हणाल्या, "सवाष्ण हाय, वटीला येऊ दे. पन पंगतीला नगं. ताट तिच्या घरी पाठीव." त्यांच्या दृष्टीनं हा मोठाच मोठेपणा होता.

मधली भिंत एका विटेची. पहाटे नळावर ताई भेटली तेव्हा तिनं सगळं ऐकलेलं होतं. तिचा आवाज जराही चढला नाही. ती म्हणाली, ओटी भरणं, कुंकू, नवस, हे तिनं धम्म घेतला तेव्हाच सोडलंय, त्यामुळे ओटीला ती येणार नाही. "जेवायला येते. पंगतीत. ताट घरी आलं तर परत पाठवीन, आन् मग माज्या दाराला हाक मारू नको."

आता माझी कशी गंमत झाली बघा. आत्याबाई ओटी द्यायला तयार, जेवण नाही. ताई जेवण घ्यायला तयार, ओटी नाही. मला हसायला आलं आणि लगेच रडूही आलं. मी आईविना वाढलेली. सुरुवातीच्या महिन्यांत पाण्याचाही वास सहन व्हायचा नाही, तेव्हा ताईच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा एवढंच माझ्या पोटात टिकायचं. माझं बाळ निम्मं तिच्या पिठावर वाढलं होतं. बाकीच्या तिन्ही पंगती मोडल्या असत्या तरी मी सहन केलं असतं. ही मोडली तर ताई गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं. ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई.

रविवारी सकाळपासून स्वयंपाकाचा धुरळा उडाला. भाभी आमच्या अंगणातल्या सगळ्यात सुगरण, पण रोजा असल्यामुळे आमटीचं मीठ त्यांना चाखता येईना. आत्याबाईंचा उपास, त्यांनाही नाही. काकू तर प्रवचनाला शहरात गेलेल्या, त्या दुपारनंतर येणार. मग प्रत्येक पातेल्यातला पहिला चमचा माझ्या तोंडात. मीठ बघ, आंबट बघ, गूळ उतरला का बघ. पहिली पंगत बसायच्या आधीच मी अर्धी जेवलेली. भाभी आमटीजवळ नाक नेऊन वासावरून सांगायच्या, "मीठ कम है," आणि खरोखरच कमी असायचं. आत्याबाईंना हे फार आवडलं. दोघी उपाशी बाया एकमेकींना उन्हाळ्याच्या गोष्टी सांगत पुरण घोटत होत्या.

अकराच्या सुमाराला, पाहुण्यांना आणायला गेलेले मालक सायकलवर एकटेच परत आले. गावाकडच्या बायका स्टेशनवर उतरून हिरव्या बांगड्या आणि फुलांचे दागिने घ्यायला क्रांती चौकाकडे गेल्या होत्या. तिथं नामांतराचा मोर्चा. रस्ता बंद, बसेस बंद, आणि बायका एका बांगड्यांच्या दुकानात बसून मोर्चा बघताहेत. दुपार उलटल्याशिवाय काही येत नाहीत.

नेमक्या त्याच वेळी ताई विहारातून आली. पांढरं लुगडं, हातात खिरीचं पातेलं. पौर्णिमेची खीर ती दरवर्षी अंगणात वाटायची. ती पंगतीसाठी टाकलेल्या पाटाजवळ उभी राहिली, बसली नाही.

मी पान वाढायला उठले तर आत्याबाईंनी हात आडवा केला. ओटी भरल्याशिवाय डोहाळकरणीनं पान घ्यायचं नसतं. ओटी भरायला कुंकवाची बाई हवी, आणि भरणाऱ्या बायका तर मोर्चात अडकलेल्या. मालक दारात उभे राहून घड्याळाकडे बघायला लागले. त्यांच्या डोक्यात कारखाना. काही चुकलं की आधी घड्याळ बघायचं.

आत्याबाईंनी अंगणात नजर फिरवली. भाभी म्हणाल्या, हमारे में बी सातवां महिना करते, मैं भर देती गोद. पण कुंकू लावायचं आलं तिथं त्यांचा धर्म आड आला. आत्याबाई मनाशी काहीतरी झगडत ताईकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, तू भर. ताईनं मान हलवली. म्हणाली, मी ते सोडलंय, आणि मी जेवायला आलेय.

अंगणात तीन बायका उभ्या, आणि तिघींचं कपाळ मोकळं. एकीच्या धर्मात कुंकू नाही, एकीनं ते सोडलेलं, एकीचं पुसलेलं. सुपात नारळ, तांदूळ, हळकुंड, हिरवा खण, सगळं मांडलेलं. घड्याळ पुढं चाललेलं. भूक लागलेली मी एकटीच, आणि तीही सकाळपासून चमचे चाटून. मला पुन्हा हसू फुटलं, ते मी पदरात दाबलं.

तेव्हा ताई म्हणाली, "कुंकू हितं कुनालाच नाय. मग आजीनंच भरावी की."

आत्याबाईंना आधी समजलंच नाही. मग समजलं तशा त्या मागं सरल्या. "मी? माजं कपाळ पांढरं. माजा हात लागंल का लेकराला?"

"लेकरू तुमच्या घरचं हाय. तुमचा हात नाय तर कुनाचा लागायचा? माज्या दृष्टीनं तर पांढरं कपाळ असं कायी नसतंयच," ताई म्हणाली. भाभी तिकडून म्हणाल्या, "हौ, सच्ची बात." मालकांनी घड्याळाकडे पाठ केली.

सासरे गेल्यापासून आत्याबाई कुणाच्या ओटीला पुढं झाल्या नव्हत्या. लग्नाकार्यात त्या मागच्या दाराशी, भांड्यांजवळ. सूप हातात घेतलं तेव्हा तांदूळ इतके सांडले की भाभींनी खाली बसून वेचले. आत्याबाईंनी माझ्या पदरात खण घातला, नारळ घातला, चार मुठी तांदूळ घातले, आणि पाचवी मूठ सोडायची विसरून तशाच उभ्या राहिल्या. मी वाकून पाया पडायला गेले, तर सात महिन्यांच्या पोटानं वाकताच येईना, आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून हेलकावे खायला लागलो. तेव्हा मात्र सगळेच हसले.

मग पान वाढलं. ताई माझ्या उजव्या हाताला बसली. आत्याबाई वाढायला उभ्या राहिल्या, हात न आखडता वाढत होत्या. पण ताई जेवायला सुरुवात करेना. तिनं शेजारच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं आणि म्हणाली, तुम्ही बसा.

"माजा रविवार हाय," आत्याबाई म्हणाल्या. खरंच होता. सोयीचाही होता, आणि ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनाही. ताई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाराला किती कमी होते ते मी पाहिलं नाही, पाहायची छाती नव्हती.

आत्याबाईंनी एकदा देवाच्या कोनाड्याकडे पाहिलं. मग पोळ्यांचं ताट भाभींच्या हातात दिलं.

"मल्हारी रात्री बी जेवतोय. हिला बारानंतर चालत नाय," त्या म्हणाल्या, आणि ताईच्या शेजारी बसल्या. ताईनं स्वतः उठून त्यांच्या वाटीत खीर वाढली. आत्याबाईंनी पहिला घोट घेतला, गोड कमी आहे म्हणाल्या, आणि वाटी रिकामी केली.

दुपारभर मी आनंदानं नुसती तरंगत होते. येता-जाता भांड्यांना धडकत होते, भाभींच्या मशीनवर बसून गाणी म्हणत होते. काकू परत आल्या, त्यांना बिनकांद्याचं, बिनबटाट्याचं पान वाढलं, पण त्यांचं जेवण निवांत. घास घास चावून खाणाऱ्या त्या. सूर्य खाली आला तरी भात संपेना. समोर भाभी खजूर हातात धरून बसलेल्या. एकाच सूर्याकडे काकू बघत होत्या थांब म्हणून, आणि भाभी जा म्हणून. मी मधे बसून दोघींची बाजू घेत होते. काकूंनी शेवटचा घास गिळून पाणी पिऊन ताटावरून हात उचलला आणि लांब मशिदीतून अजान आली. भाभींनी खजूर तोंडात टाकला. मी काकूंच्या पंगतीतून तशीच सरकून भाभींच्या पंगतीत गेले. माझं पोट आता बाळाचं राहिलं नव्हतं, सार्वजनिक झालं होतं.

तेवढ्यात चुलतसासू आणि त्या दोघी आल्या. बांगड्या, गजरे, घामाघूम झालेले चेहरे, आणि तोंडात मोर्चाच्या नावानं शिव्या. त्यांच्यामुळं दिवसभर अडकलो, त्यांना लई माज आलाय, असं बरंच काही. ताई नळावर पाणी भरत होती. तिनं मान वर केली नाही. दुपारी अंगणात आम्ही आमच्या होतो. हे गाव होतं. जे चुलतसासूच्या कानावर पडेल ते उद्या पारावर जाणार, आणि आत्याबाईंना त्याच गावात राहायचं होतं.

तळी उचलली, येळकोट झाला. चुलतसासू म्हणाल्या, चला, तुमचा बी उपास सोडा आता.

"माजा दुपारीच सुटला," आत्याबाई म्हणाल्या.

चुलतसासूंनी तिथंच चौकशी सुरू केली. रविवार, आणि दुपारी? बरं, ओटीचं काय? कुणी भरली? आत्याबाईंनी सांगितलं, मी. मागच्या दोघींपैकी एकीनं तोंडाला पदर लावला. चुलतसासूंनी एकदा माझ्याकडे, एकदा मालकांकडे पाहिलं आणि शेवटचं विचारलं, जेवलात कुणासंगं?

मालकांनी पुढं होऊन काहीतरी सावरायचा प्रयत्न केला. आत्याबाईंनी त्यांना हातानंच बाजूला केलं. त्या नळापाशी गेल्या, ताईच्या हातातली बादली काढून घेऊन खाली ठेवली आणि तिला मनगटाला धरून उजेडात आणलं.

"हिच्यासंगं जेवले," त्या म्हणाल्या. पुरणपोळ्यांचं ताट त्यांनी ताईच्या हातात दिलं. "आन् आता ही वाढनार. तिला बारानंतर चालत नाय, म्हनून ती बसत नाय. तुमचं तसं कायी नाय. बसा."

तिघींपैकी एक पोट दुखतंय म्हणून उंबऱ्यावरच बसून राहिली, ती शेवटपर्यंत उठली नाही. चुलतसासू किती तरी वेळ उभ्या होत्या. आत्याबाई आधी बसल्या, त्यांच्या शेजारी मी बसले, माझी चौथी पंगत. मग चुलतसासू माझ्या पलीकडे बसल्या, आणि ताईनं त्यांच्या ताटात पोळी वाढली.